चार वाजताचा उजेड

अक्का,

तुला आई म्हणणारं आपल्या घरात कोणी नव्हतंच. मामा तुझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा, तो तुला अक्का म्हणायचा, त्याचं ऐकून मी अक्का म्हणायला लागले, आणि पुढं पुढं अप्पासुद्धा कचेरीतून आले की चपला काढता काढता ‘अक्का कुठं आहे गं?’ असंच विचारायचे. म्हणजे तुझं हे नाव मामानं ठेवलेलं. हे आज, पत्राचा पहिला शब्द लिहून झाल्यावर लक्षात आलं, आणि मी पेन ठेवून चहा मागवला. तू असतीस तर म्हणाली असतीस, पळ काढायला बरं जमतं बाई तुला. जमतं. अठरा वर्षं तेच तर करत आलेय.

हुबळीत गोकुळ रोडवरच्या एका हॉटेलात बसलेय. समोरच्या कारखान्यात सकाळपासून पत्रा कापायचं काम चाललंय, खिडकी लावली तरी आवाज आत येतो. दुपारी विमान आहे, बेंगळूरला आणि तिथून जर्मनीला. काल संध्याकाळी धारवाडात एका कॉलेजच्या सभागृहात आपला सिनेमा दाखवला. आपला म्हणजे तू ज्यात आहेस तो, माझा पहिला. जुनी फिल्म साफसूफ करून, रंग नीट करून आता नव्यानं सगळीकडं दाखवणार आहेत, आणि मी हट्टानं सांगितलं की पहिला खेळ धारवाडातच झाला पाहिजे. वाटलं, तिथं गेल्यावर तोंड उघडेल. उघडलं. त्याचंच तुला सांगायचंय. पण त्याच्या आधी तुला ठाऊक असलेलंच सगळं परत सांगावं लागणार, कारण तुला ते ठाऊक होतं हे मला फार उशिरा कळलं.

मामापासून सुरू करते. वर्षातून चार-पाच वेळा तो अळणावरजवळच्या तुमच्या गावाहून यायचा, हुबळीला दुर्गदबैलच्या बाजारात कुदळी, दोरखंड, पंपाचं काहीबाही घ्यायला, आणि मला बरोबर न्यायचा. खरेदी अर्ध्या तासात उरकायची आणि मग आम्ही दोघं दुपारच्या खेळाला. कन्नड सिनेमा, पुढची रांग, मामाच्या मांडीवर दोरखंडाचं वेटोळं. घरी परत आलो की तो स्वयंपाकघरात पाटावर बसतो आणि तुला अख्खा सिनेमा मराठीत सांगतो. तू भाकरी थापत ऐकतेस. सिनेमात हिरॉईन मेली असली तरी मामा तिला मरू देत नाही. मी मध्येच ओरडते, ‘खोटं सांगतोय गं हा, ती मेली!’ आणि तो माझ्याकडं डोळे वटारून म्हणतो, ‘गप की. अक्काला भाकरी करपवायला लावतेस काय?’ तू पदर तोंडाला लावून हसतेस. तुला ठाऊक असायचं तो शेवट बदलतोय ते. तरी पुढच्या वेळी तूच विचारायचीस, ‘मग, ह्या खेपेला काय झालं तिचं?’ मला मुलाखतींत नेहमी विचारतात की तुम्ही सिनेमा कुणाकडून शिकलात. मी मोठमोठ्या परदेशी लोकांची नावं सांगते, त्यातल्या दोघांचे सिनेमे तर मला धड आवडतही नाहीत. मामाचं नाव मी एकदाही घेतलेलं नाही. घेतलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता.

आणि तुझ्याकडून काय शिकले ते तर कुठल्या तोंडानं सांगणार? दाराशी कोण उभं आहे त्यावर तुझी भाषा ठरायची. भाजीवालीला ‘ऊटा आतेन्री?’ म्हणून जेवणाची चौकशी, शेजारच्या वकीलकाकूंशी मराठी, दूधवाल्याशी भांडण कन्नडात आणि लगेच मागं वळून मला त्याच सुरात मराठीत दम. नुसती भाषा नाही, तुझं उभं राहणंच बदलायचं. भाजीवालीपुढं कमरेवर हात, वकीलकाकूंपुढं पदर सारखा. मी उंबऱ्यावर बसून हे बघायचे. आज मी जर्मनांबरोबर काम करते, एक सिनेमा पोर्तुगालात केला, जिथली भाषा मला चहा मागण्यापुरती येते, आणि लोक विचारतात, भाषा येत नसताना नटीकडून काम कसं करून घेता? मी तिचे हात बघते. ती कशी उभी राहते ते बघते. खोटं बोलायला लागली की माणसाच्या खांद्यांत काहीतरी होतं, ते कुठल्याही देशात सारखंच असतं. आठ सिनेमे मी या एवढ्याच विद्येवर केले. माझ्याविषयी लिहितात की ही बाई दोन संस्कृतींत सहज वावरते. सहज कसलं. दोन्हीकडं मी परक्यासारखी उंबऱ्यावर बसून बघत असते.

पुण्याला शिकून झालं, तिथून जर्मनीला गेले, अप्पा गेले तेव्हा मला पोचायला दोन दिवस लागले. त्या वेळी तू काही बोलली नाहीस. मग चार वर्षांनी मला पहिला सिनेमा करायला मिळाला. जर्मन निर्माती, जर्मन कॅमेरामन, उंच, दाढीवाला, मराठीचं एक अक्षर न येणारा. गोष्ट आपल्याकडली. एका म्हाताऱ्या बाईचा मुलगा परगावी गेलाय, तिला रोज त्याची वाट, आणि शेवटी शेजारीण येऊन सांगते की तो गेला. हुबळी-धारवाडच्या वाटेवर रायापूरला एक घर भाड्यानं घेतलं, कारण त्याच्या स्वयंपाकघराला पश्चिमेची मोठी खिडकी होती आणि चार वाजले की उन्हाची तिरीप थेट शेगडीच्या ओट्यावर यायची. त्या कामाला आधी एक नटी आणली होती. तिला भाकरी थापता येईना. थापायची आणि माझ्याकडं बघायची, बरोबर आहे ना म्हणून. तिसऱ्या दिवशी मी तुला म्हटलं, अक्का, तूच उभी राहा. तू म्हणालीस, ‘वेड लागलंय काय? माझं हे तोंड जर्मनीत दाखवणार?’ पण मनातून तुला हौस होती गं. दुसऱ्या दिवशी तू डोक्याला तेल लावून, नवी साडी नेसून आलीस आणि मी तुला जुनी नेसायला लावल्यावर रुसलीस.

बाकी सगळं तू फार चांगलं केलंस. शेवटचं मात्र जमेना. शेजारणीचं काम करणारी बाई दारात येऊन म्हणायची, ‘तुमचा मुलगा गेला हो,’ आणि तू एक तर नाटकातल्यासारखी कपाळावर हात मारून घ्यायचीस, नाही तर तुला हसूच फुटायचं. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, तेच ते मामापुढलं हसू. म्हणायचीस, ‘ह्या बाईकडं बघितलं की मला हसू येतं, मी काय करू?’ चार दिवस चार वाजता हेच. पाचवा दिवस शेवटचा होता, दुसऱ्या दिवशी जर्मन मंडळी परत जाणार होती आणि फिल्मची दोनच रिळं उरली होती. चौथ्या रात्री मी तुझ्यावर ओरडले, आठवतं? ‘तुला कधी कुणाचं दुःख झालंच नाही काय?’ असं काहीतरी बोलले. तू फक्त म्हणालीस, ‘उद्या करते की गं नीट.’

आमच्या कामात शूटिंग चालू असताना सगळ्यांचे फोन काढून घेतात, आवाज रेकॉर्ड होतो म्हणून. आपल्याकडं भाकरीची एक जुनी दुरडी होती, तीच तू घरून आणली होतीस, सगळ्यांचे फोन त्या दुरडीत, आवाज बंद करून, माझ्या खुर्चीशेजारी. पाचव्या दिवशी सकाळी अकराला तुझा फोन दुरडीत थरथरायला लागला. मामाच्या मुलाचा होता. मी उचलला. तो रडत होता. ‘ताई, बाबा गेले. न्याहरी करून बसले होते, बसल्या जागी गेले. आत्याला घेऊन या. तुम्ही आल्याशिवाय उचलत नाही.’ मी म्हटलं, ‘निघतोच.’ खरं म्हटलं गं. फोन दुरडीत ठेवला तेव्हा मी निघणारच होते. वळले तर तू ओट्याशी उभी राहून कॅमेरामनला हातवाऱ्यांनी भाकरी उलटायला शिकवत होतीस, आणि तो भाजलेली बोटं फुंकत हसत होता. मी घड्याळ बघितलं. चार वाजायला पाच तास होते.

मला रडू आलं नाही, हेही सांगून टाकते. ज्यानं मला पहिला सिनेमा दाखवला तो माणूस गेला होता, आणि मी हिशेब करत होते की सव्वाचारला निघालं तर अळणावरला अंधार पडायच्या आत पोचतो की नाही. दुपारी तू सगळ्यांना वाढलंस, शेवटी स्वतः जेवलीस. उपाशी निघण्यापेक्षा दोन घास खाऊन निघाली हे बरंच, असं मी स्वतःला सांगितलं, आणि हेच पुढं कितीतरी वर्षं सांगत राहिले, तुला जेवू दिलं म्हणून. एकला फोन थरथरला. दोनला. तीनला दोनदा. मी दुरडीवर फडका टाकला.

चारला उजेड ओट्यावर आला. शेजारणीचं काम करणाऱ्या बाईला मी बाहेर बसायला सांगितलं आणि स्वतः दारात उभी राहिले, कॅमेऱ्यात येणार नाही अशी. कॅमेरा चालू झाला. मी म्हटलं, ‘अक्का, मामा गेला.’ तू माझ्याकडं बघितलंस. हसली नाहीस, कपाळावर हातही मारून घेतला नाहीस. तव्यावरची भाकरी उलटलीस. मग शेगडी बंद केलीस. पिठाच्या परातीवर ताट झाकलंस, हाताचं पीठ परातीच्या काठाला पुसलंस, आणि खिडकीकडं बघत विचारलंस, ‘कधी?’ मी म्हटलं, ‘आत्ता.’ मग तू नुसती उभी राहिलीस. उजेड तुझ्या अर्ध्या तोंडावर, पिठाची धूळ अजून हवेत. मी ‘कट’ म्हटलं नाही. रीळ संपेपर्यंत कॅमेरा चालू राहिला. कॅमेरामनच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला वाटलं, जमलं एकदाचं म्हातारीला. त्यानं मला अंगठा दाखवला आणि मी मान हलवली.

निघताना तू म्हणालीस, धोतर घ्यायला पाहिजे. आपल्याकडं भावाच्या अंगावर शेवटचं वस्त्र बहिणीचं पडतं. धारवाडच्या बाजारात तू गाडी थांबवलीस, दुकानात गेलीस, घासाघीस न करता धोतर घेतलंस, आणि मी गाडीत बसून चिडत होते, उशीर होतोय म्हणून! लाज म्हणतात ती हीच असेल. गावात शिरताना माणसं परत येतानाच भेटली. तुझा भाचा डोकं भादरलेला, ओल्या पंचानं समोर आला आणि तुझ्या गळ्यात पडला. ‘किती वाट बघितली आत्या. दिवस कलायला लागला, मग लोक ऐकेनात.’ बायका म्हणाल्या, सकाळी अकरालाच फोन केलेला, भावाचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही गं तुला. आणि तू, अक्का, एक क्षणही न थांबता म्हणालीस, ‘फोन माझ्या पिशवीत होता. मला मेलीला ऐकायलाच आला नाही.’ दुरडीचं तू दुःखात विसरलीस, असं मी धरून चालले. तसं धरून चालणं सोयीचं होतं.

ते धोतर तू मांडीवर घेऊनच परत आलीस. घरापाशी गाडीतून उतरलीस आणि ते माझ्या हातात दिलंस. ‘हे घरात न्यायचं नसतं. तुझ्या बॅगेत ठेव. तिकडं ने.’ मला वाटलं रीत आहे, आणि मी नेलं. नंतर कधीतरी लक्षात आलं की असलं वस्त्र वाहत्या पाण्यात सोडतात, आणि तुमच्या गावचा ओढा तर स्मशानाला लागूनच आहे. सोडायचं असतं तर तिथंच सोडलं असतंस. ते तू मला दिलं होतंस. पण हे कळायच्या आधी आणखी एक झालं. पोर्तुगालात शूटिंग करताना एका खिडकीतून ऊन फार कडक येत होतं, ते मऊ करायला पांढरं पातळ कापड पाहिजे होतं, आणि माझ्या बॅगेत होतं. मी ते खिडकीला लावलं. दोन दिवस लावलं. काठाला चिमट्यांचे डाग पडलेत, अजून आहेत. त्याच आठवड्यात तुझा फोन आला आणि तू इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलंस, ‘ते धोतर आहे ना गं?’ मी म्हटलं, ‘आहे की.’

सिनेमा जगभर फिरला. त्या शेवटच्या शॉटवर लोकांनी पानंच्या पानं लिहिली. आम्ही तिथं एक केलं होतं. मी दारातून बोललेलं वाक्य काढून त्याजागी शेजारणीच्या आवाजात ‘तुमचा मुलगा गेला हो’ घातलं, तुझा ‘कधी?’ ठेवला, आणि माझा ‘आत्ता’ पुसून टाकला. त्यामुळं पडद्यावर तू विचारतेस आणि कोणी उत्तर देत नाही. लोक म्हणाले, केवढी ही शांतता, मरणाला उत्तर नसतं हे दिग्दर्शिकेनं कसं दाखवलंय. मी या शांततेवर व्याख्यानं दिली. जर्मनीत दिली, फ्रान्समध्ये दिली, एकदा बेंगळूरला दिली. ती शांतता म्हणजे माझं खोटं बोलणं जिथून खरवडून काढलं ती जागा आहे.

तुला दाखवला तेव्हा तू माझ्या शेजारीच बसली होतीस. दिवे लागल्यावर लोक तुला भेटायला आले, कोणी पाया पडलं. घरी येताना मी विचारलं, ‘कसा वाटला?’ तू बाहेर बघत होतीस. म्हणालीस, ‘उजेड छान पडलाय.’ मी खूश झाले. खरंच खूश झाले, अक्का, रात्री कॅमेरामनला फोन करून सांगितलं की आमच्या आईला तुझा उजेड आवडला.

मग तू गेलीस, त्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हाही मी दुसऱ्या दिवशी पोचले, सगळं तुझ्या भाच्यानं केलं. तुझ्या बाराव्याला जेवणं झाल्यावर तो आणि मी मागल्या पायरीवर बसलो होतो. तो म्हणाला, ‘ताई, एक सांगू काय? बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी आत्याला सांगितलं होतं, अकराला फोन तुम्ही उचलला होता म्हणून. आत्या म्हणाली, मला ठाऊक आहे. तिला काही विचारू नको, कुणाला बोलूही नको. ती लांब राहते, तिला एकटीला हे घेऊन राहायचंय.’ हे सांगताना तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणजे सात वर्षं तू दर रविवारी माझ्याशी फोनवर बोललीस, जेवलीस काय, थंडी आहे काय, स्वेटर घातलास काय, आणि तुला ठाऊक होतं. त्या धोतराची चौकशी करायचीस तेव्हा ठाऊक होतं. गावाकडं तुला बोल लागला, भाऊ मेला तरी ही बाई फोन पिशवीत टाकून सिनेमात नाचत होती म्हणून, आणि तू तो ऐकून घेतलास. तू मला एकदा तरी शिव्या द्यायच्या होत्यास गं. दूधवाल्याला द्यायचीस तशा, कन्नडात, दारात उभी राहून. मी ऐकल्या असत्या.

आता नव्यानं सगळं साफ करताना जर्मनीतल्या आवाजाच्या माणसाला जुन्या टेपवर तो पुसलेला शब्द सापडला. त्यानं सहा महिन्यांपूर्वी मला लिहिलं, इथं एका बाईचा आवाज आहे, मूळ रेकॉर्डिंगमध्ये, ठेवायचा की काढायचा? दोन्ही तुकडे ऐकायला पाठवले. मी न ऐकताच उत्तर दिलं, काढा. आणि त्या दिवसापासून मला झोप नाही. म्हणून धारवाडचा हट्ट, म्हणून भाच्याला आग्रहाचं आमंत्रण, आणि म्हणून बॅगेत ते धोतर, त्याला परत द्यावं म्हणून.

काल सभागृह भरलं होतं. सिनेमा संपल्यावर एका कॉलेजातल्या मुलीनं कन्नडात विचारलं, मॅडम, तुमच्या आईकडून ते शेवटचं तुम्ही कसं करून घेतलंत? या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर आहे, की मी तिला माहेर आठवायला सांगितलं आणि एकटं सोडलं. काल मी ते दिलं नाही. मी सगळं सांगितलं. अकराचा फोन, दुरडी, फडका, ‘आत्ता’, धोतर, सगळं. कन्नडात सुरू केलं, मध्येच मराठीवर आले, परत कन्नडात गेले. तिथं सगळ्यांना दोन्ही येतं, कुणी अडखळलं नाही. सांगून झालं. मला वाटलं आता कोणी उठून जाईल, कोणी बोलेल, थू म्हणेल. आणि अक्का, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आधी एकानं, मग सगळ्यांनी, काही उभे राहून. एक गृहस्थ व्यासपीठावर येऊन माझा हात धरून म्हणाले, कलेसाठी केवढा हा त्याग. त्याग! कुणाचा? आणि त्या टाळ्यांत उभी असताना मला कळलं की मी ते चांगलं सांगितलं होतं. ‘आत्ता’ म्हणायच्या आधी मी थोडी थांबले होते. गळा दाटून आला म्हणून थांबले नव्हते. तिथं थांबायचं असतं हे मला कळतं, म्हणून थांबले.

तुझा भाचा तिसऱ्या रांगेत होता. त्याचे हात मांडीवर होते, त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. बाहेर चपला घालताना मी त्याला धोतर पुढं केलं. त्यानं बघितलं, हात लावला नाही. ‘आत्यानं तुम्हाला दिलंय. मी कसं घेऊ?’ मग गेटपाशी तो म्हणाला, ‘ताई, हे इथं तोंडानं सांगून काय होतंय? ही माणसं उद्या विसरतील. सिनेमा राहतो. तुमचा तो शब्द होता तिथं परत घाला की.’ मी म्हटलं, घालते. लगेच म्हटलं, त्या दिवशी फोनवर ‘निघतोच’ म्हटलं होतं तशीच. तोही तसंच समजला असेल, कारण तो फक्त ‘बरं’ म्हणाला आणि बायकोला घेऊन बस गाठायला गेला.

वेळ अजून गेलेली नाही. फक्त धारवाडात एकदा दाखवलाय, बाकीकडं पुढच्या महिन्यात जाणार. आवाजाच्या माणसाला एक ओळ लिहायची, की तो शब्द घाला, मग शेजारणीच्या मागून दारातून मी बोलेन, आणि जगात जिथं जिथं तू त्या खिडकीशी उभी राहशील तिथं तिथं माझं खोटं तुझ्याशेजारी उभं राहील. सकाळी उठल्या उठल्या ती ओळ लिहिली. मग म्हटलं, पाठवायच्या आधी एकदा ऐकावं, सहा महिन्यांपूर्वी ऐकलंच नव्हतं. कानाला हेडफोन लावले. तुझी भाकरी उलटल्याचा आवाज येतो, ताट परातीवर ठेवल्याचा येतो. तू म्हणतेस, ‘कधी?’ आणि मग ती बाई बोलते. केवढा तरणा, केवढा खात्रीचा आवाज आहे तिचा.

हे पत्र कुठं टाकणार? धोतराच्या घडीत ठेवते आहे, ते परत माझ्याबरोबरच चाललंय. ती ओळही तशीच समोर आहे, लिहिलेली, न पाठवलेली, आणि गाडी खाली येऊन थांबलीय. तो शब्द घातला की माणसाचं लक्ष तुझ्यावरून उडतं आणि दाराकडं जातं. मी तीनदा ऐकून बघितलं. शॉट बिघडतो, अक्का.